आधी कुणामार्फत, मग निरोप

मार्फत पुष्पा अक्का.

रावकाका, तुमच्याच नियमाने सुरुवात करते आहे. रेडिओवर दुसऱ्याचा निरोप पुढे द्यायचा तर आधी तो कुणामार्फत आला ते सांगायचं, मग निरोप. नाहीतर निरोप ऐकताच माणूस मधल्याचं नाव विसरतो. हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की आमचे मालक घरी पाहुण्यांपुढे तुमची नक्कल करायचे, "मार्फत मी, चहाची पूड संपली." तर मार्फत पुष्पा अक्का, तुमच्या जिन्याखाली इस्त्रीची गाडी लावणारी. निरोप असा, की त्या मंगळवारी सकाळी तांबरमच्या घरात, रेडिओसमोरच्या खुर्चीत, तुम्ही गेलात.

आता माझं म्हणणं. ते रागाचं आहे, आधीच सांगते.

तुमचा मोबाईल पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात का असायचा? त्याची किरकिर रिसीव्हरमध्ये शिरते म्हणून. बरं, शिरते तर शिरते, पण बंद करून का? "डब्यात वाजला तर ऐकू येत नाही गे, मग चालू कसाला ठेवू?" वादळात टॉवर पडले की अख्ख्या वस्तीचे निरोप पोचवणारे तुम्ही, आणि तुम्हाला गाठायचं तर जिना चढून दार वाजवायचं.

आणि तो शर्ट. रोज सकाळी सातच्या हजेरीला कडक इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मी विचारलं होतं, रेडिओवर कोण बघतंय काका? "मी बघतो की," म्हणालात.

त्या शर्टामुळेच तर तुम्ही भेटलात. मी विट्याकडची. लग्न होऊन आले ती थेट इकडे तमिळ मुलखात, तांबरमच्या बाजारात. आमचं गलाईचं दुकान, सोनारांकडचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली माणसं या धंद्यात देशभर पांगलीत, तशी आम्ही इथे. शाळा माझी सातवीत सुटली, कारण आठवी दुसऱ्या गावात होती आणि घरात दोन धाकटी सांभाळायला होती. तमिळ मी भाजीवाल्यांकडून शिकले, तेही दरापुरतं. त्या दिवशी पुष्पा अक्काच्या गाडीपाशी उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. तुम्ही तीन शर्ट घेऊन मागे उभे. फोन ठेवला तसं म्हणालात, "तुमचं मराठी धावतं. आम्हांस हळू बोलायची सवय."

मी घरी येऊन मालकांना सांगितलं, इस्त्रीच्या गाडीवर एक म्हातारा भेटला, पोथीसारखं बोलतो आणि मध्येच तमिळमध्ये पडतो. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्यांचं मराठी तुमच्या तोंडात तसंच राहिलं होतं. 'झालं'ला तुम्ही 'जालं' म्हणायचात. मला पहिल्यांदा हसू आलं, आणि घरी पोचेपर्यंत रडू. वीस वर्षांत या गावात रस्त्यावर माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं.

रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तुम्ही सगळा जीव त्या हॅम रेडिओत, घरून बोलायच्या बिनतारी संचात, घातला होता. हात कापायला लागला तसं वहीत लिहिणं जमेना. माझं अक्षर तुम्ही पुष्पा अक्काकडच्या कपड्यांच्या यादीवर पाहिलंत आणि म्हणालात, उद्या पावणेसातला ये, वही लिही. मी म्हटलं, मला मराठीच लिहिता येतं. "वेळ बरोबर लिही. लिपी कुठलीही चालते."

सात वाजता तुम्ही एकेकाचा कॉलसाइन पुकारायचात, म्हणजे सरकारने परवान्याबरोबर दिलेलं हवेतलं नाव, आणि एन्नोरपासून एग्मोरपर्यंतची वीसेक माणसं आपापल्या घरातून 'आहे' म्हणायची. मी नोंद करायची. रिकामटेकड्यांचा उद्योग, मला वाटलं होतं. कोण आहे आणि कोण नाही हे रोज विचारायची सवय असावी लागते, हे पुढे वादळात कळलं. रेडिओ क्लबचे सेक्रेटरी डेव्हिड सार वैतागले. "राव सार, ही वही आमच्यापैकी एकालाही वाचता येत नाही." तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणून तर ती रोज यायला पाहिजे." तुम्ही ते मुद्दाम केलंत, मला नंतर समजलं. कधी कबूल केलं नाहीत.

एक गोष्ट मात्र कबूल करते. निरोप घेतला की घेणाऱ्याने तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा, आणि देणारा 'बरोबर' म्हणेपर्यंत काम संपत नाही, ही तुमची पद्धत माझ्या मनात जाऊन बसली. मी जे बोलले ते कुणी परत म्हणून दाखवतंय आणि बरोबर का विचारतंय, हे मला माहीतच नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, इथे तर नाहीच. तुम्ही चहाचंसुद्धा तसंच करायचात. "साखर अर्धा चमचा, आलं नको. बरोबर?" बरोबर, काका.

पण लगेच विरघळायला नको. त्या डिसेंबरातल्या वादळाचा हिशेब अजून बाकी आहे.

एन्नोरच्या शाळेत आपण तीन दिवस होतो. वर्गांत कोळीवाड्यातली माणसं, व्हरांड्यात आपलं टेबल, ट्रकची बॅटरी, बाहेर बांबूला बांधलेली तार. फोन सगळे मेलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बांबू कलला म्हणून तुम्ही आणि डेव्हिड सार तो धरायला धावलात. तेवढ्यात दुसऱ्या छावणीतून आवाज आला. इन्सुलिन पाहिजे, पेशंटचं नाव, गल्ली, कुणी निरोप घेतंय का. पुन्हा, कुणी घेतंय का. माझ्यापुढे वही, पेन्सिल आणि तो माइक. तुम्हाला हाक मारली, वाऱ्यात ऐकू गेली नाही. परवान्याशिवाय बोलायचं नाही, तुम्ही शेजारी असाल तरच, हे मला पाठ होतं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी बटण दाबलं. मोडक्या तमिळमध्ये निरोप घेतला, परत म्हणून दाखवला. तो म्हणाला, बरोबर. मी वहीत वेळ लिहिली. संध्याकाळच्या आत होडीने औषध पोचलं.

तुम्ही आलात, अंगावरून पाणी निथळत होतं. वही वाचलीत.

"बटण कोणी दाबलं?"

"मी."

वाटलं, शाबासकी नाही तर शिवी तरी मिळेल. तुम्ही माझ्या हातातून पेन्सिल घेतलीत आणि कापऱ्या हाताने खाली लिहिलंत, 'परवानाधारक जाग्यावर नव्हता. चूक माझी.' आणि वादळ ओसरल्यावर स्वतःला एक महिना हवेवर बोलायची बंदी घातलीत. कुणी मागितली नव्हती. डेव्हिड सार म्हणाले, "आणीबाणी होती सार, आणीबाणीत कोण विचारतंय?"

"मी विचारतो की."

तो महिना मला नको झाला होता. रोज सातला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत, हजेरी डेव्हिड सार घेतायत, तुमचा कॉलसाइन पुकारला जातोय आणि तुम्ही धडधडीत जिवंत, हातात कॉफीचा पेला, गप्प. ते म्हणायचे, "राव सार ऐकतायत," आणि पुढच्या नावाकडे जायचे. मी शेजारी बसून तुमच्या नावापुढे रेघ मारायची. चूक माझी होती, शिक्षा तुम्हाला, आणि वरून मला बिस्किट खा म्हणायचात. पुष्पा अक्का खालून विचारायची, "सारांचा घसा बसला का?" मी म्हणायची, डोकं बसलंय.

मग रविवार आला. शेवटचा.

तुम्ही परीक्षेचा फॉर्म पुन्हा टेबलावर ठेवलात. पहिला मी तांदळाच्या डब्याखाली दाबला होता, दुसरा हरवला असं खोटं सांगितलं होतं. हा तिसरा. "खालच्या परवान्याला मॉर्स कोड लागत नाही. कितवी शिकलीस, कोणी विचारत नाही. बरोबर पर्यायावर खूण करायची, जालं."

"पेपर इंग्रजीत असतो काका."

"अक्षरं तुला येतात. शब्द मी शिकवतो."

"चाळिशी उलटली माझी. तिथे कॉलेजची पोरं बसतात. मी सातवी. थट्टा होईल."

"वादळात तू बरोबर केलंस," तुम्ही म्हणालात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि लगेच ते नासवलंत. "तेच मला सोसत नाही. ज्यास येत नाही त्याने गप्प बसावं, ठीक. तुला येतं आणि तू गप्प बसतेस, हे कसलं? आता परवाना घेशील तेव्हाच वहीला हात लाव. उद्यापासून माझं मी लिहीन."

तुम्ही आवाज चढवला नव्हतात. मी चढवला. पेन्सिल टेबलावर ठेवून म्हटलं, "लिहा. वाचायला कोण येतंय बघते."

हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य. परत म्हणून दाखवायला कुणी नाही, तरी मला ते रोज ऐकू येतं.

सोमवारी मी गेले नाही. तुम्हीच दिलेला हातातला छोटा सेट घेऊन स्वयंपाकघरात ऐकत होते. ऐकायला परवाना लागत नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. तुम्ही हजेरी घेतलीत, पण प्रत्येक नावानंतर थांबत होतात. लिहायला वेळ लागत होता. मला ते ऐकू येत होतं, आणि मी भाकऱ्या थापत बसले. मालक म्हणाले, "जा की." मी म्हटलं, "त्यांनी बोलवावं." बोलवणार कसे, फोन डब्यात.

मंगळवारी सात वाजले. कुणीच हजेरी सुरू करेना.

पाच मिनिटांनी एन्नोरवाले म्हणाले, राव सारांची तार कावळ्यांनी पाडली असेल. दुसऱ्याने म्हटलं, पॉवर सप्लाय उडाला, मी मागेच बदला म्हणालो होतो. तिसऱ्याने हवेतल्या दमटपणावर व्याख्यान दिलं. मग डेव्हिड सार हसत म्हणाले, "सार पुन्हा मौनात गेले वाटतं. आता काय चूक केली असेल?" सगळे हसले. काका, मीसुद्धा हसले. तव्यावर भाकरी होती आणि मी हसले.

वीस परवानाधारक, सगळ्यांच्या खिशात फोन. एकालाही फोन करावासा वाटला नाही. माणूस हवेवर नाही म्हणजे यंत्र बिघडलं, एवढंच त्यांच्या डोक्यात येतं. आणि दुसरं कारण द्यायची सोय तुम्हीच त्या महिन्यात करून ठेवली होती. मी त्यांच्यावर चिडले आहे, आणि खरं तर तुमच्यावर. इतक्या वेळा विनाकारण गप्प बसलेल्या माणसाचं खरं गप्प बसणं कुणाला ओळखू येणार?

साडेसातला माझं हसू गेलं. मौनात असलात तरी तुम्ही दुसऱ्याला हजेरी घ्यायला आदल्या दिवशी सांगून ठेवाल. नियमाशिवाय तुम्ही रुसणारसुद्धा नाही. फोन लावला, बंद. मग पुष्पा अक्काला लावला.

"अक्का, सार खाली आले का?"

"नाही. शर्ट काल संध्याकाळी नेला. आज कॉफीला उतरले नाहीत."

"तुझ्याकडे किल्ली आहे ना? वर जा."

"इस्त्री तापलीय गं, पॅन्टवर आहे."

"अक्का, जा."

मी सेट हातात धरूनच घरातून निघाले. स्टेशनचा पूल ओलांडून तुमच्या बाजूला यायला मला पंधरा मिनिटं लागतात. पुलावर अर्ध्यात होते. सेटवर दोघे अजून तुमच्या तारेच्या लांबीवर भांडत होते. त्यांच्या मध्येच तुमच्या सेटचा तो दणदणीत स्वच्छ आवाज उघडला, आणि आत पुष्पा अक्का.

"सार गेले," ती तमिळमध्ये म्हणाली. "आता जरा गप्प बसा सगळे."

मग डेव्हिड सारांनी, सवयीने, बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसणार, विचारलं, "कोणतं स्टेशन? कॉलसाइन सांगा."

"पुष्पा," ती म्हणाली. "इस्त्री."

पुलावर माणसं मला खांद्याने धक्के देत पुढे जात होती, कुणीतरी शिवी दिली, आणि मी सेट कानाशी धरून तशीच उभी.

मी वर पोचले तेव्हा अक्का तुमच्या शेजारी उभी होती. एक हात तुमच्या खांद्यावर, दुसऱ्यात माइक, सोडला तर काही बिघडेल म्हणून घट्ट धरलेला. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. डॉक्टर नंतर म्हणाले, सहाच्या सुमारास, झोपेसारखं. म्हणजे मी रोजच्यासारखी पावणेसातला आले असते तरी उशीरच झाला असता. लोक मला हे समाधान म्हणून सांगतात. मला ते पुरत नाही. चाळीस मिनिटं तुम्ही त्या खुर्चीत होतात आणि समोर तुमच्या तारेची चेष्टा चालू होती. मी आले असते तर निदान ती बंद केली असती.

टेबलावर वही उघडी होती. सोमवारचं पान तुमच्या हातचं. अक्षर असं की मुंग्या शाईत बुडवून सोडल्यात. तुम्ही जन्मभर नोंदी इंग्रजीत लिहिल्यात, फार तर तमिळमध्ये. हे पान देवनागरीत होतं. वीसच्या वीस नावं, कापत कापत, आणि एका ठिकाणी खोडून पुन्हा.

वाचायला कोण येतं ते तुम्हाला ठाऊक होतं म्हणायचं.

मंगळवारचं पान मी लिहिलं, त्याच दुपारी. वहीला हात लावायचा नाही हा तुमचा हुकूम मोडून. डेव्हिड सार रडून डोळे लाल करून बसले होते. म्हणाले, "अम्मा, पुष्पाचं बोलणं वहीत नको. परवाना नसताना बोलली, उगाच कुणी विचारलं तर तिला त्रास. राव सारांच्या नावाला शेवटी असा डाग लागायला नको. तिलाही मी सांगितलंय, कुणाला बोलू नको म्हणून." वाईट माणूस नाही. मलाही क्षणभर पटलं. मग मी लिहिलं, 'सात एक्केचाळीस. पुष्पा अक्का, विनापरवाना. निरोप: सार गेले. परवानाधारक जाग्यावर होता.' आणि त्याखाली, 'वही लिहिणारी जाग्यावर नव्हती. चूक माझी.'

डेव्हिड सारांनी विचारलं काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी हळूहळू ते तमिळमध्ये परत म्हणून दाखवलं. मी म्हटलं, बरोबर.

पुढच्या मंगळवारी त्यांनी हजेरीत तुमचा कॉलसाइन तीनदा पुकारला, दर वेळी मध्ये रिकामी जागा सोडून. गेलेल्यासाठी असं करतात तुमच्यात. मी वहीवर होते. तिन्ही वेळा रेघ मारायला हात उठेना. 'राव सार ऐकतायत' असं कुणीतरी म्हणेल वाटत होतं. कुणी म्हणालं नाही, शहाणी झालीत सगळी.

तिसरा फॉर्म मी भरला आणि दिला. तांदळाच्या डब्याखालचाही काढून पाहिला, त्यावर पेन्सिलने तुम्ही माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. किती हट्टी माणूस असावा एखादा. परीक्षेची तारीख आलेली नाही. नियमांचा भाग मला येतो, तुमच्याबरोबर राहून कुणाला येणार नाही. विजेच्या भागाची धास्ती आहे. दुपारी दुकानात पुस्तक उघडते. पाण्याचा जोर आणि पाइपाची जाडी सांगून तुम्ही जे समजावलं होतं ते आठवतं, पण इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते प्रश्नातून शोधावं लागतं. डेव्हिड सार आठवड्यातून दोनदा शिकवतात. तुमच्यासारखे थांबत नाहीत, मी थांबवते. नापास झाले तर पुन्हा बसेन.

आता अक्काचं. त्या सकाळी इस्त्रीखाली ज्या साहेबांची पॅन्ट जळली, ते चारचौघांत तिच्यावर ओरडले. तिने काय झालं होतं ते सांगितलं नाही, कारण डेव्हिड सारांनी बोलू नको म्हटलं होतं. परवा मला हळूच विचारत होती, "मी बटण दाबलं ते चुकलं का गं? कुणी पकडायला येईल?" चार ओळींची बाई नाही ती, चार शब्दांची. तिने तुमचा निरोप आम्हा सगळ्यांना पोचवला, आणि त्याबद्दल तिला मिळालं काय तर धाक.

तुमचा शेवटचा निरोप मला तिच्यामार्फत पोचला, काका. हे फेडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. परवाना मिळाला की पहिल्या सकाळी मी सेट घेऊन तिच्या गाडीपाशी बसणार. आधी तिला इस्त्री खाली उतरवायला सांगणार. मग माझा कॉलसाइन सांगून, बटणावर माझं बोट ठेवून, माइक तिच्यापुढे धरणार, म्हणजे तिचा आवाज नियमाने हवेत जाईल आणि वीस माणसांना तिला परत म्हणून दाखवावं लागेल. काय बोलायचं ते तिने ठरवावं. वहीत माझ्या परवान्याची पहिली नोंद असेल ती, आणि तिची सुरुवात कशी करायची ते मला आत्ताच ठाऊक आहे. मार्फत मी. निरोप पुष्पा अक्काचा.